चढावर थांबणारा आणि मागून येणारा

प्रश्न : मी नियमित धावते. माझे पती धावत नाहीत, परंतु त्यांना तासन्‌तास चालण्याची सवय आहे. या वसंतात झाडीभरल्या टेकड्यांमधील १२ किलोमीटरची पायवाट दोघांनी मिळून पार करायची, असे आम्ही ठरवले आहे. वाटेत एकूण ६०० मीटर चढ आहे. मागच्या खेपेस मी पुढे निघून जात असे आणि प्रत्येक वळणावर थांबत असे, ते धापा टाकत मागून येत, आणि शेवटी दोघांचाही विरस झाला. शिवाय त्यानंतर तीन दिवस माझ्याच मांड्या भरून आल्या होत्या. आम्हांला एकत्र जाणे जमेल का?
— एक वाचक

उत्तर : जमेल, आणि ते जमावे असे मला मनापासून वाटते. मात्र किलोमीटर मोजणे सोडून तासांचा विचार करावा लागेल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक साधा हिशेब आजही उपयोगी पडतो : सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास अधिक. त्यानुसार तुमच्या वाटेला चालत जवळजवळ साडेतीन तास लागतील, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. सपाट रस्त्यावर १२ किलोमीटर तुम्ही किती वेळात धावता, हा आकडा त्या दिवशी विसरलेलाच बरा.

मागच्या खेपेस काय बिघडले, ते तुमच्या पत्रातच आहे. पुढे जाऊन थांबणाऱ्याला विसावा मिळतो. मागचा माणूस पोहोचताच पुढचा ताजातवाना होऊन निघतो आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज होती, त्याच्या वाट्याला ती येतच नाही. म्हणून चढावर पतींना पुढे ठेवा आणि त्यांच्या पावलाने चला. यात तुमचे फारसे नुकसानही नाही, कारण खड्या चढावर त्याच मंद वेगाने धावण्यापेक्षा चालण्यास कमी शक्ती लागते. डोंगरवाटांवर धावणारे अनुभवी लोकही अशा ठिकाणी हात मांडीवर टेकवून झपझप चालतात. वेग योग्य आहे की नाही, हे बोलण्यावरून कळते : पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. बोलणे तुटक होऊ लागले, की त्याच वेळी वेग कमी करावा, दम लागून थांबण्याची वेळ येऊ देऊ नये.

धावण्याची हौस माथ्यावरच्या सौम्य वाटांवर भागवा, पण पुढे जाऊन थांबू नका. शंभर-दोनशे मीटर पळत जाऊन माघारी त्यांच्यापर्यंत या आणि पुन्हा निघा. तुमचे धावणे होते आणि त्यांना कोणी ताटकळत असल्याचे दडपणही राहत नाही. जिथे वाट फुटते, तिथे मात्र दोघांनी एकत्र असलेच पाहिजे. हा नियम घरून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

मांड्यांचे दुखणे बहुधा उतारामुळे असावे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतो आणि अशा कामाने त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच ठणका लगेच न जाणवता साधारणपणे एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक होतो. सपाटीवर धावण्याची सवय इथे कामी येत नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे आधीचे दोन-तीन आठवडे छोट्या उतारांवर बेताने सराव करणे, कारण एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे त्याच कामाने कमी दुखतो. प्रत्यक्ष उतरताना पावले आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे असू द्या.

पालवी फुटत असतानाचे रान फार सुंदर दिसते, आणि ते जोडीने पाहण्यातला आनंद मी जाणतो. पण या दिवसांत गेल्या मोसमाच्या पाचोळ्याखाली मुळे आणि सुटे दगड झाकलेले असतात. ओल्या मुळावर पाय आडवा पडला, की हमखास घसरतो. ते ओलांडून जावे. चढावर आलेला घाम माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गार करतो, तेव्हा एक पातळ जाकीट दोघांकडे वेगवेगळे असावे, एकाच पिशवीत नको.

परतल्यावर गुडघ्यांमागे, कमरेपाशी, काखेत आणि केसांच्या कडेला गोचीड चिकटलेली नाही ना, हे एकमेकांचे पाहून घ्या. आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणे किंवा चटका देणे टाळा. पुढील काही आठवड्यांत ताप आला किंवा त्या जागी लालसर चट्टा पसरू लागला, तर डॉक्टरांना रानात गेल्याची तारीख आवर्जून सांगा.