आजींच्या ट्रंकेतल्या जुन्या नोटा: कोणत्या चालतील, कोणत्या नाही

आजी गेल्यावर त्यांच्या लुगड्यांच्या ट्रंकेत 500 च्या 14 जुन्या नोटा आणि 2000 च्या 6 निघाल्या, त्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आईला वाईट वाटतंय, आजींनी 2016 मध्ये नोटबंदी झाली तेव्हाच का सांगितलं नाही, हेही लिहिलंय.

2000 च्या नोटा बुडालेल्या नाहीत. 19 मे 2023 ला रिझर्व्ह बँकेने त्या परत मागवल्या, रद्द केल्या नाहीत. 7 ऑक्टोबर 2023 नंतर आपल्या बँका त्या घेत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेची 19 कार्यालयं घेतात. तुम्हाला इंदूरहून भोपाळचं जवळ. एका वेळी 20,000 पर्यंत बदलून मिळतात, तुमचे तर 12,000 च आहेत. जाणं जमत नसेल तर ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडून पोस्टाने पाठवा, पैसे खात्यात जमा होतात. साध्या पाकिटात मात्र घालू नका, विमा उतरवा.

जुन्या 500 च्या गेल्याच. उलट 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे. तुमच्या 7,000 वर पाचपट, म्हणजे 35,000 पर्यंत दंड होऊ शकतो. आठवणीला दोन-चार ठेवा, बाकीच्या फाडून टाका. टक्केवारीवर बदलून देणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका.

आता आजींचं. अडीच लाखांपर्यंत भरलेल्या पैशांची चौकशी होणार नाही, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. पण बायकांना भीती आयकरवाल्यांची नव्हती, घरच्यांची होती. भाजीतून, दिवाळीच्या ओवाळणीतून वाचवलेले पैसे, त्यांचा पत्ता नवऱ्यालाही नाही. आमच्या मल्हारगंजातल्या एक काकू भर दुपारी आल्या, पदराची गाठ सोडून आईसमोर नोटा ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या खात्यात भरा, आमच्याकडे कळू देऊ नका." ज्यांना असं कोणी भेटलं नाही, त्या गप्प बसल्या.

नोटबंदीच्या त्या दिवसांत आम्हाला तारलं किराणावाल्याने. "भाभीजी, पैसे कहाँ भागे जा रहे हैं" म्हणत तो वहीत मांडत राहिला. नवी 2000 ची नोट हातात आली तरी सुटे कुणाकडेच नव्हते. भांडीवालीला कोण उधार देणार? तिचं आईने धान्यावर भागवलं. उधारी आपल्यासारख्या ओळखीपाळखीच्या घरांनाच मिळते, हे मला तेव्हा फार लागलं.

तेव्हा आईला सांगा, आजींनी लपवलं ते तुमच्यापासून नव्हे. आणि भोपाळला जाण्याआधी देवघर, गाद्यांच्या खोळी, जुनी पोथीही बघून घ्या, दुसरी खेप नको.