पेशंटची तहान कमी करणं हा विषय एम.एस्सी. नर्सिंगच्या थिसिसला चालेल का? गाईड म्हणतात फारच साधा आहे. आणि बरं वाटलं हे सिद्ध कसं करायचं?

चालेल का काय विचारताय, हाच घ्या. "फारच साधा आहे" हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी २०१२ साली भर मीटिंगमध्ये ऐकलंय.

तेव्हा मी गोव्यातच एका सर्जिकल वॉर्डात होते. मे महिना, पंख्याचा वारासुद्धा गरम. सत्तरीतले एक आजोबा होते, उभा जन्म काजूच्या बागेत गेलेला, आतड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकातून पोटात गेलेली रायल्स ट्यूब आणि खाटेला एनबीएमची, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही अशी पाटी. सलाईन चालू, युरिन आउटपुट ठीक, चार्ट बघितला तर सगळं व्यवस्थित. टाक्यांबद्दल ते एका शब्दाने कुरकुरले नाहीत, मागायचे फक्त पाणी. "बाय, इल्लें उदक दी गो." रात्री दोनला राउंडला गेलं की शेजारच्या खाटेवरच्या तांब्याकडे बघत जागे असायचे. मुलगा सोबतीला होता, तो पाणी प्यायला जिन्यात जायचा, बापासमोर बाटली उघडायचा नाही.

पाणी देता येत नव्हतं, पण तोंड ओलं करता येत होतं ना. उकळून गार केलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचे, गॅलीपॉटमध्ये, म्हणजे छोट्या वाटीत थोडं घ्यायचं, गॉज (जाळीदार पट्टीचं कापड) बुडवून घट्ट पिळायचा आणि ओठ, हिरड्या, टाळू, जीभ पुसायची. पहिल्या वेळी गॉज जिभेला चिकटलाच, मधोमध चीर गेलेली आणि वर तपकिरी पापुद्रा धरलेला. सोडवायला दोन मिनिटं लागली, आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट सोडलं नाही. मग ओठांना पातळ व्हॅसलीन. दर दोन तासांनी हेच, आणि तिसऱ्या वेळेनंतर माणूस झोपला.

तेव्हापासून मी वही घातली. तहान शून्य ते दहा, पुसायच्या आधी किती आणि पंधरा मिनिटांनी किती. आजोबांना ते कळेना, "धा म्हणजे कितलें गो?" म्हणून बोटांवर आले, एक हात म्हणजे मध्यम, दोन्ही हात म्हणजे सहनच होत नाही. त्यांनी आधी नऊ बोटं दाखवली, नंतर चार. असे अठरा पेशंट लिहून झाल्यावर मी मीटिंगमध्ये परवानगी मागितली की याचा नीट अभ्यास करू द्या. एक सर म्हणाले, ओठ पुसणं हे आयाचं काम, त्यात रिसर्च कसला, आणि सलाईन चालू असताना तहान लागतेच कशी. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता बोलते. सलाईनने शरीरातलं पाणी भरून निघतं, तोंड ओलं होत नाही. पेशंट तोंडाने श्वास घेतो, नाकात नळी असते, ऑपरेशनच्या वेळची आणि दुखण्याची औषधं लाळ सुकवतात. तोंडाला गार लागलं की पोटात घोट न जाताही तहान दबते, हे उन्हातून आलेल्या कुणालाही विचारा. २०१४ मध्ये अमेरिकेत कॅथलीन पुंटिलो या नर्सिंगच्या प्राध्यापक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसीयूतल्या २५२ पेशंटवर नेमकं हेच करून दाखवलं, गार पाण्याचा फवारा, ओल्या बोळ्याने तोंड पुसणं आणि ओठांना लावायला मलम. दहाच्या स्केलवर तहान सरासरी २.३ ने उतरली, नेहमीची काळजी घेतलेल्यांची फक्त ०.६ ने. आयाचं काम म्हणे!

पण तो ०.६ नीट बघा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ज्यांना काही वेगळं केलं नाही त्यांचीही तहान थोडी उतरली. माझ्या वहीत हीच खोट होती आणि सरांनी ती काढलीच नाही. पुसणारी मी, विचारणारीही मीच, सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून पेशंट दोन बोटं कमी दाखवणारच, आणि तुलनेला दुसरा गट नाही. म्हणून तुम्ही दोन गट करा, कोण कुठल्या गटात ते बंद पाकिटातून ठरवा, तुमच्या मर्जीने नको. आकडा विचारणारी व्यक्ती वेगळी ठेवा, तिला गट माहीत नको. स्केल कोंकणी-मराठीत आधी चार-पाच पेशंटवर वापरून बघा आणि एकदा ठरलं की मध्येच बदलू नका. किती पेशंट लागतील ते स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडून काढून घ्या. एथिक्स कमिटी तर आलीच, पण सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंद करा, नंतर केलेली चालत नाही. आणि नाईट ड्यूटी धरा, दिवसा नातेवाईक, राउंड, गडबड यात तहान मागे पडते.

हो, एक राहिलंच. अर्धवट शुद्धीत असलेल्याला किंवा गिळता न येणाऱ्याला फवारा मारू नका, पाणी श्वासनलिकेत जाईल, तिथे पिळलेला गॉजच. किडनीच्या पेशंटचं फवाऱ्याचं पाणीही इनटेकमध्ये, म्हणजे पोटात गेलेल्या पाण्याच्या हिशोबात लिहा. लिंबू-ग्लिसरीनच्या काड्या अजिबात नकोत, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. आणि कंट्रोल गटाची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्यांची नेहमीची माउथ केअर थांबवायची नाही, तुमचा उपाय फक्त दुसऱ्या गटाला, त्या केअरच्या वर जादा.

गाईड परत साधा म्हणाल्या तर तो २५२ पेशंटचा पेपर प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवा. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात मात्र तहान हाच शब्द लिहा, कुणाच्या सांगण्यावरून त्याचं भारदस्त काहीतरी करू नका.