अनुदान येईपर्यंत मानधन कोठून द्यावे?

प्रश्न : सोलापुरात आमची नोंदणीकृत संस्था विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. शासकीय अनुदान उशिरा येते आणि शिक्षिकांचे मानधन थकते. स्थिर निधी कसा उभारावा?

उत्तर : अनुदान विशिष्ट योजनेपुरते असते आणि पुढचा हप्ता बहुधा उपयोगिता प्रमाणपत्र (आधीची रक्कम ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) तपासल्यावरच सुटतो; म्हणून मानधनासारखा दरमहाचा खर्च त्यावर विसंबून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावी लागते. मात्र ती मिळवण्यासाठी आपल्यासारख्या संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व 80जी (दात्याला करसवलत) नोंदणी, सीएसआर-1 क्रमांक (सीएसआर निधी घेण्यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. हा निधीही बहुधा प्रकल्पाबरोबर संपतो.

मानधनाचा भार स्थानिक नियमित देणगीदारांनीच उचलायला हवा. चादर-टॉवेल उत्पादक, व्यापारी, नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी यांच्याकडून दरमहा लहान रक्कम बँकेमार्फत घ्यावी, कारण 2,000 रुपयांवरील रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही. त्यातूनच काही महिन्यांच्या मानधनाएवढी राखीव ठेव बाजूला काढावी आणि लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयाबरोबरच या दात्यांनाही दरवर्षी पाठवावा.