नॉरफोकचे ब्रॉड्स खरंच माणसांनी खणलेत का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटीत ब्रॉड्स नावाची तळी आहेत, ती नैसर्गिक नाहीत, माणसांनी खणलेली आहेत असं ऐकलं, ते कितपत खरं? आणि तिथला किनारा समुद्र खातोय म्हणतात ते काय प्रकरण आहे?

उत्तर : अगदी खरंय! आणि १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक अभ्यासकसुद्धा ही तळी नैसर्गिकच धरून चालले होते. मग जॉइस लँबर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दलदलीत ठिकठिकाणी भोकं पाडून मातीचे नमुने काढले, तर तळ्यांच्या कडा उतरत्या नाहीत, भिंतीसारख्या सरळ उभ्या, तळ सपाट, आणि मध्ये मध्ये न खणता सोडलेले बांध, आता पाण्यानं आपोआप झालेल्या खड्ड्यात असे बांध कुठून येणार, हे फावड्याचंच काम.

झालं असं की १२व्या ते १४व्या शतकात इथे वस्ती दाट, झाडं कमी, मग सरपण आणायचं कुठून? दलदलीत झाडपाला अर्धवट कुजून जो थर साठतो, पीट म्हणतात त्याला, तो लोक विटांसारखा कापायचे, वाळवायचे आणि चुलीत घालायचे, पिढ्यान्‌पिढ्या हेच. पुढे समुद्राची पातळी वाढली, खड्ड्यांत पाणी शिरलं आणि काम हळूहळू बंदच पडलं. आज तिथे लोक बोटी घेऊन फिरतात, काठचं बोरू अजूनही हिवाळ्यात कापून छपरं शाकारायला वापरतात, आणि स्वॉलोटेल फुलपाखराची ब्रिटनमधली स्वतःची जात फक्त इथेच वाढते कारण तिच्या अळ्यांना लागणारी मिल्क पार्सली या दलदलीत मिळते. मला तर हे फार भारी वाटतं, सरपणाच्या खड्ड्यांचं एवढं झालं.

आता किनारा. ईशान्य नॉरफोकचे कडे पक्क्या खडकाचे नाहीतच, हिमयुगात बर्फानं आणून टाकलेली माती आणि वाळू आहे ती, त्यामुळे खालून लाटा आणि वरून पाऊस, की ढासळलं. हॅपिसबर्ग नावाचं गाव आहे (स्पेलिंगवर जाऊ नका, तिथले लोक हेझ्बरा म्हणतात) तिथली कड्याजवळची घरं, रस्ता समुद्रात गेलाय. पण त्याच गावात मे २०१३ मध्ये लाटांनी वाळू धुऊन नेली आणि खालच्या जुन्या चिखलात पावलांचे ठसे दिसले, मोठ्यांचे आणि लहान मुलांचेही, ८ लाख वर्षांहून जुने! आफ्रिकेबाहेर माणसाच्या कुळातले इतके जुने ठसे तोवर कुठेच मिळाले नव्हते. संशोधकांनी भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात घाईघाईनं फोटो काढून ठेवले म्हणून बरं, कारण दोनेक आठवड्यांत लाटांनी ते पुसूनही टाकले.

आणि ३१ जानेवारी १९५३ ची रात्र तिथे कुणी विसरलेलं नाही, वादळ आणि भरती एकत्र आली, एकट्या इंग्लंडात ३०७ माणसं गेली, त्यात नॉरफोकची बरीच. सी पॉलिंगसारख्या गावांना आज समुद्राकडून भिंत आहे, हॅपिसबर्गला मात्र तशी पक्की आड नाही, तिथे गेलात तर कड्याच्या अगदी काठाशी उभं राहू नका.