शौच तपासणीत अंडी सापडली नाहीत, म्हणजे लिव्हर फ्लूक (यकृतात राहणारा चपटा कृमी) नाही असं समजायचं का?

नाही, तसं समजू नका. फॅसिओला या जातीच्या लिव्हर फ्लूकची लागण झाल्यावर साधारण पहिले तीन-चार महिने शौचात अंडी येतच नाहीत. तोवर कोवळे कृमी यकृत पोखरत पित्तनलिकेकडे निघालेले असतात आणि तिथे पोचून मोठे झाल्यावरच अंडी घालतात. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर वाढलेले आणि आहारात कच्चा वॉटरक्रेस (पाण्यात वाढणारी पालेभाजी) किंवा पाणथळ जागेतला दुसरा कच्चा पाला, असं चित्र असेल तर रक्ताची अँटिबॉडी तपासणी (एलायझा) करा. ती लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांतच पॉझिटिव्ह येऊ शकते. सोबत सीटी स्कॅन: यकृताच्या आवरणाजवळ नागमोडी, बोगद्यासारखे डाग दिसतात, ज्यांना गळू किंवा कर्करोगाच्या गाठी समजण्याची चूक हमखास होते.

जुन्या लागणीतही अंडी थोडी आणि अधूनमधून पडतात. म्हणून:
- वेगवेगळ्या दिवसांचे किमान तीन नमुने द्या.
- सेडिमेंटेशन पद्धत (नमुना पाण्यात ढवळून तळाशी बसलेला गाळ तपासणं) मागा. टोकाला झाकण असलेली ही जड अंडी मिठाच्या द्रावणात नीट तरंगत नाहीत.

उलटी फसगतही होते. बाधित जनावराची कलेजी खाल्ली की तिच्यातली अंडी नुसती पोटातून बाहेर पडतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो; आठवडाभर कलेजी बंद ठेवून पुन्हा तपासा. कृमीची जात मात्र नक्की करून घ्या. क्लोनॉर्किस या दुसऱ्या लिव्हर फ्लूकवर चालणारं प्राझिक्वांटेल हे औषध फॅसिओलावर भरवशाचं नाही, तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागतं.