हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राने पोटातल्या महाधमनीचा ॲन्युरिझम पकडता येतो का?

मोबाइलला जोडायच्या प्रोबने शिबिरात ज्येष्ठांच्या महाधमनीत ॲन्युरिझम, म्हणजे फुगवटा, आहे का ते तपासलं तर मोजलेल्या व्यासाच्या आकड्यावर भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. ठेवता येतो. एवढी मोठी रक्तवाहिनी बघायला छोटं यंत्र पुरतं. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा मोजण्यात.

कर्व्ड (वक्र तोंडाचा) प्रोब घ्या, 2 ते 5 मेगाहर्ट्झचा. लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब तेवढ्या खोल पोचत नाही. सगळी कामं एकाच प्रोबने करणारं यंत्र असेल तर ॲबडॉमेनचं (पोटाचं) प्रीसेट निवडा. डेप्थ 15 सेंटीमीटरच्या आसपास ठेवून आडवा छेद घ्या आणि आधी मणका शोधा: पांढरी कमान, मागे काळी सावली. त्या कमानीच्या पुढ्यात, रुग्णाच्या डाव्या बाजूला महाधमनी आणि उजव्या बाजूला इन्फिरिअर व्हेना केव्हा ही मोठी शीर. शेजारच्या ठोक्यामुळे ही शीरसुद्धा हलते, म्हणून नुसत्या हलण्यावर जाऊ नका. तिची भिंत पातळ असते, दाबली की ती चपटी होते आणि नाकाने झटकन श्वास ओढायला सांगितला की बारीक होते. महाधमनी यातलं काही करत नाही.

आता छातीच्या हाडाखालून प्रोब न उचलता सावकाश खाली या, बेंबीजवळ तिच्या दोन फांद्या होईपर्यंत. बहुतेक ॲन्युरिझम मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली असतात, आणि नेमका तिथेच आतड्यातला गॅस आडवा येतो. जोर लावून खुपसू नका. गुडघे दुमडायला सांगा, प्रोब हलका दाबून धरा, थोडं थांबा, गॅस बाजूला सरकतो. नाहीच सरकला तर डाव्या कुशीवर वळवून उजव्या बरगड्यांखालून, यकृतातून बघा. काही तासांचा उपास असला तर बरं, पण जेवून आलेल्याला परत पाठवायचं कारण नाही.

सगळ्यात रुंद जागी चित्र फ्रीझ करा (थांबवा) आणि पुढून मागे व्यास मोजा, आडव्या छेदात आणि उभ्या छेदातही. वयाबरोबर महाधमनी वाकडी होते. तिला सरळ आडवं कापायला गेलात की छेद तिरका पडतो, गोल लंबगोल होतो आणि आकडा फुगतो. उभ्या छेदात उलटं: मध्यरेषा चुकली तर आकडा कमी येतो. दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढत बसू नका, पुन्हा मोजा.

खरी फसगत गुठळीमुळे होते. फुगलेल्या धमनीत भिंतीला आतून गोठलेल्या रक्ताचा करडा थर चिकटलेला असतो. उन्हात धरलेल्या लहान स्क्रीनवर, गेन (चित्राचा उजळपणा) कमी असला की तो थर आसपासच्या ऊतींसारखाच दिसतो आणि कॅलिपर (स्क्रीनवरची मोजायची खूण) आतल्या काळ्या पोकळीवर ठेवला जातो. मग 5 सेंटीमीटरचा ॲन्युरिझम 3 चा वाटू शकतो. गेन थोडा वाढवा, भिंतीची पांढरी रेघ शोधा, मगच मोजा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं की आतून आतपर्यंत, हेही आधी ठरवा. ब्रिटनच्या स्क्रीनिंगमध्ये (लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीत) आतून आत मोजतात. दोन पद्धतींत काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि 5.5 सेंटीमीटरच्या, म्हणजे सर्जनकडे पाठवायच्या मर्यादेच्या, आसपास तेवढ्याने निर्णय बदलतो. कुठली पद्धत वापरली ते रिपोर्टवर लिहा, पुढच्या वेळी तीच ठेवा.

टचस्क्रीनवर बोटाखाली कॅलिपरचं टोक झाकलं जातं, म्हणून महाधमनी सापडली की डेप्थ कमी करून ती मोठी दिसू द्या. सलग वापरात प्रोब तापतो आणि काही यंत्रं स्वतःहून बंद पडतात, तेव्हा दोन रुग्णांच्या मधे फ्रीझ करून ठेवा.

3 सेंटीमीटरच्या खाली नॉर्मल धरतात. ब्रिटनच्या कार्यक्रमात 3 ते 4.4 ला दरवर्षी आणि 4.5 ते 5.4 ला दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी होते, 5.5 पासून पुढे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेची अंतरं याहून लांब आहेत आणि बायकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार 5 पासूनच सुरू होतो. कुठलंही एक वेळापत्रक धरा, मिसळ करू नका. कोणाला तपासायचं? प्रतिबंधक तपासण्या सुचवणाऱ्या अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सची 2019 ची शिफारस आहे: 65 ते 75 वयाचे, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले पुरुष, एकदाच. ब्रिटन 65 व्या वर्षी सगळ्याच पुरुषांना बोलावतं. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला ॲन्युरिझम झाला असेल तर तेही विचारात घ्या.

पूर्ण लांबी दिसली नाही तर 'नॉर्मल' लिहू नका. 'अमुक भाग दिसला नाही' असं लिहा आणि पुन्हा बोलवा. आणि रुंद महाधमनीसोबत पोटात किंवा पाठीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर ते स्क्रीनिंग राहिलेलं नाही. पोटात मोकळं रक्त दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. फुटलेल्या ॲन्युरिझमचं रक्त बऱ्याचदा मागे, मणक्याच्या बाजूला साठतं आणि सोनोग्राफीत सापडत नाही. मोजमापात वेळ न घालवता व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या रुग्णालयात लगेच हलवा.