आकाश दुसरीकडचं नको

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचा तुझा फोटो पाहिला. सावल्या उजळल्यास, तिरकी चौकट सरळ केलीस, ते बिनधास्त कर. जेपीईजी (नेहमीची फोटो-फाईल) बनवताना कॅमेराही रंग, कॉन्ट्रास्ट स्वतःच ठरवतो; 'जसाच्या तसा' फोटो नसतोच. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाईलमध्ये काढ, ती नंतरच्या बदलांची ओढाताण सोसते: १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पातळ्या, जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६च.

पण शनिवारवाड्यावर सिंहगडाचे ढग चिकटवलेस, ते खटकलं. भिंतीवर ऊन डावीकडून, ढगांवर उजवीकडून! घरात लावायला ठीक. वृत्तछायाचित्र म्हणून पाठवलास तर बाद. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेला चित्रात काही घातलेलं-काढलेलं चालत नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका मात्र पुसता येतो.

आणि विसर्जनाच्या फोटोंत गुलालाचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवू नकोस. लाल चॅनेल बहुतेकदा आधीच फुटलेला असतो, म्हणजे कमाल पातळीला टेकून त्यातले बारकावे गेलेले असतात; हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) बघ.